मॅकरॉन कुणाचा? फ्रेंच मिठाईच्या कपाटातला इतिहास

2013च्या उन्हाळ्यात सीरियातल्या हलब, म्हणजे आलेप्पो शहरातून एक बातमी आली होती. बंडखोरांच्या ताब्यातल्या भागात एका शरई समितीने क्रोसाँ हराम ठरवला, असं त्या बातमीत म्हटलं होतं. क्रोसाँ म्हणजे फ्रान्समध्ये सकाळच्या कॉफीबरोबर खातात तो लोणीदार, पापुद्र्यांचा, चंद्रकोरीसारखा वळवलेला पदार्थ. युरोपने मुसलमानांवर मिळवलेल्या विजयाची खूण म्हणून त्याला चंद्रकोरीचा आकार दिला, असं कारण सांगितलं गेलं. शहरावर बाँब पडत होते, लोकांना साधी रोटी मिळत नव्हती आणि अशा वेळी कुणाला क्रोसाँची फिकीर पडावी, याचं जगभर हसं झालं.

पण हसून सोडून द्यावी अशी ही गोष्ट नाही. ज्या कहाणीवर तो फतवा उभा होता, ती हलबमध्ये रचलेली नव्हती. ती युरोपातच तयार झाली, तिथल्याच पुस्तकांत छापली गेली आणि आजही पर्यटकांना आवडीने सांगितली जाते. ऐकणाऱ्या एकाला तिच्यात अभिमान वाटतो, दुसऱ्याला अपमान. ती खरी आहे का, हे मात्र दोघंही विचारत नाहीत.

आपल्याकडेही खाण्यापिण्याच्या इतिहासाची हीच गत आहे. बिर्याणी कुणाची, जिलबी कुणाची, हलवा कुणी आणला, यावर मोबाइलवर रोज दोन ओळींचे निकाल फिरत असतात. म्हणून आज थोडं लांब, पॅरिसला जाऊ. तिथल्या पॅटिसरीच्या काचेच्या कपाटासमोर उभं राहू आणि एकेक पदार्थ चाखत त्याची तारीख तपासू. पॅटिसरी म्हणजे नुसती बेकरी नव्हे. फ्रान्समध्ये पाव भाजणारा वेगळा आणि केक-मिठाई करणारा वेगळा. दोघांची कला वेगळी आणि मानही वेगळा. 

चंद्रकोरीची दंतकथा

कपाटात पहिला दिसतो तो क्रोसाँ. त्याची कहाणी अशी सांगतात: 1683 साली उस्मानी फौजेने व्हिएन्नाला वेढा घातला होता. वजीर करा मुस्तफा पाशाचे सैनिक तटाखाली भुयार खणत होते. पहाटे कणीक मळणाऱ्या बेकरीवाल्यांनी तो आवाज ऐकला, पहारेकऱ्यांना सावध केलं आणि शहर वाचलं. त्या आनंदात त्यांनी तुर्की निशाणावरच्या चंद्रकोरीच्या आकाराचा पाव केला. शत्रूची खूण रोज सकाळी चावून खायची, असा त्यामागचा अर्थ.

वेढा खरा आहे. 12 सप्टेंबर 1683 रोजी पोलंडचा राजा यान सोबिएस्की याच्या मदतीने तो उठला, हेही खरं. पण पावाची गोष्ट खरी नाही. ऑस्ट्रियात 'किप्फेर्ल' नावाचा कोरीच्या आकाराचा पाव वेढ्याच्या काही शतकं आधीपासून खाल्ला जात होता. तेराव्या शतकातल्या लिखाणात त्याचा उल्लेख आहे. तो पॅरिसला पोहोचला 1838-39च्या सुमारास. ऑगस्ट झांग नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने तिथे व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली आणि ती फार चालली. म्हणूनच अशा पदार्थांना फ्रेंच लोक आजही 'व्हिएन्नोआझरी', म्हणजे व्हिएन्नाकडचे पदार्थ म्हणतात. हा किप्फेर्ल आजच्यासारखा पापुद्र्यांचा नव्हता. लोण्याचे थर देऊन केलेल्या आजच्या क्रोसाँची कृती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापलेली सापडते.

मग दंतकथा पसरली कशी? 1938 साली 'लारूस गॅस्ट्रोनॉमिक' हा फ्रेंच खाद्यकोश निघाला. त्यात आल्फ्रेड गॉटशाल्क याने ही गोष्ट दिली, पण 1686च्या बुडापेस्टच्या वेढ्याची म्हणून. दहा वर्षांनी स्वतःच्या पुस्तकात त्यानेच ती व्हिएन्नाच्या नावावर सांगितली. एकच लेखक, एकच पाव आणि शहरं दोन. घटनेनंतर अडीचशे वर्षांनी कोशात शिरलेल्या अशा गोष्टीवर एका बाजूने गर्व केला आणि दुसऱ्या बाजूने फतवा काढला. द्वेषाला पुरावा लागत नाही. चांगली रंगवलेली गोष्ट पुरते.

बगदादचा लौजीनज

क्रोसाँच्या शेजारी रांगेत मांडलेले असतात मॅकरॉन. गुलाबी, पिस्ता, कॉफी, लिंबू अशा रंगांच्या दोन छोट्या गोल टिकल्या आणि मध्ये क्रीम किंवा जॅमचा थर. दातांखाली आधी पातळ कवच फुटतं, मग आत ओलसर, किंचित चिवट गर लागतो आणि शेवटी जिभेवर बदाम राहतो. तो बदामच आपल्याला मागे घेऊन जातो.

दहाव्या शतकात बगदादच्या इब्न सय्यार अल-वर्राक याने खलिफांच्या आणि अमीर-उमरावांच्या स्वयंपाकाचं एक मोठं पुस्तक लिहिलं. 1226 साली मुहम्मद बिन हसन अल-बगदादी याने दुसरं लिहिलं. दोन्ही पुस्तकांचं नाव 'किताब अल-तबीख'. त्यांत 'लौजीनज' नावाची मिठाई आहे. लौज म्हणजे बदाम. बदाम बारीक वाटायचे, साखर घालायची, गुलाबपाणी शिंपडायचं. एक प्रकार कोरडा; दुसऱ्यात हे सारण अगदी पातळ पोळीत गुंडाळून तेलापाकात बुडवायचं. लौजीनज हा शब्दही मिश्र आहे, अरबी 'लौज' आणि त्याला फारसी प्रत्यय. इस्लामच्या आधीच्या इराणी दरबारांची चव अब्बासी बगदादने उचलली, हे तो शब्दच सांगतो.

हैदराबादी घरांत 'बादाम के लौज' आजही होतात. मराठवाडा 1948पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे तिकडच्या अनेक वाचकांच्या कानावर हा शब्द असेल. दखनी दस्तरखानावरचा लौज आणि हजार वर्षांपूर्वीचा बगदादी लौजीनज हे एकाच शब्दाचे नातेवाईक आहेत.

पश्चिमेकडे ही बदामी मिठाई सिसिली आणि अंदलुस, म्हणजे मुस्लीम स्पेनच्या वाटेने गेली. सिसिलीतल्या पालेर्मोवर 831 साली अरबांचा ताबा आला आणि अकराव्या शतकात नॉर्मनांनी ते बेट जिंकलं. राज्य गेलं, पण ऊस, संत्री आणि बदामाच्या मिठाया मागे राहिल्या. पुढे ख्रिस्ती मठांतल्या जोगिणींनी त्या हातोहात जपल्या. पालेर्मोच्या मार्तोराना मठाच्या नावाने ओळखली जाणारी बदामाची फळं आजही विकली जातात. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे भाषातज्ज्ञ डॅन जुराफ्स्की यांनी लौजीनजपासून इटलीतल्या बदामी मिठायांपर्यंत आणि तिथून मॅकरॉनपर्यंतचा हा प्रवास मांडला आहे. 'मॅकरॉन' हा शब्द इटालियन आहे. शेवयांच्या जातीतल्या 'मॅकरोनी'चा तो सख्खा भाऊ. फ्रेंचमध्ये तो 1552 साली राबेलेच्या लिखाणात दिसतो.

इथेही एक दंतकथा वाट अडवते. इटलीतली राजकन्या कॅथरीन द मेदिची 1533 साली लग्न होऊन फ्रान्सला आली आणि आपल्या आचाऱ्यांबरोबर मॅकरॉन घेऊन आली, असं सर्रास लिहिलं जातं. ती तेव्हा 14 वर्षांची होती आणि तिच्या आचाऱ्यांच्या या कर्तबगारीला समकालीन आधार सापडत नाही. शेकडो अनाम हातांनी शतकानुशतकं केलेलं काम एका राणीच्या नावावर टाकलं की गोष्ट सोपी होते, एवढाच त्या दंतकथेचा उपयोग.

मग फ्रान्सचं काय?

एवढं वाचून 'म्हणजे मॅकरॉन मूळचा आपलाच' असं कुणाला वाटत असेल, तर जरा थांबावं. बगदादच्या आचाऱ्यासमोर आजचा मॅकरॉन ठेवला असता तर त्याने तो ओळखला नसता.

सतराव्या शतकाच्या मध्यात ला वारेन याच्या नावाने छापलेल्या फ्रेंच कृतीत बदाम, साखर आणि सुगंधी पाण्याबरोबर अंड्यातला पांढरा भाग आहे. शतकाच्या अखेरीस मासियालोच्या पुस्तकात 'मेरँग' येतो: तोच पांढरा भाग फेसून, साखर घालून मंद आचेवर वाळवलेला. मॅकरॉनचं हलकं कवच या फेसातून येतं. फेस किती चढवायचा, बदामाच्या पुडीत मिसळताना तो किती मोडायचा, टिकल्या भाजण्याआधी किती वाळू द्यायच्या, यात फ्रेंच कारागिरांच्या पिढ्या गेल्या. ते श्रेय त्यांचं आहे.

त्यात नावं असलेल्या साध्या बायकाही आहेत. फ्रेंच राज्यक्रांतीत 1792 साली धार्मिक मठ बंद झाले. नान्सी शहरातल्या मार्गरित गायो आणि मारी-एलिझाबेत मोर्लो या दोन जोगिणी रस्त्यावर आल्या. पोटासाठी त्यांनी मठातल्या कृतीने मॅकरॉन करून विकायला सुरुवात केली आणि लोक त्यांना 'मॅकरॉन भगिनी' म्हणू लागले. 1952 साली शहराने एका रस्त्याला त्यांचं नाव दिलं. त्यांचा मॅकरॉन एकेरी, तडकलेल्या पृष्ठभागाचा होता. दोन टिकल्या जोडून मध्ये सारण भरायची पॅरिसची पद्धत त्यानंतर पुष्कळ उशिरा रूढ झाली. तिचं श्रेय लादुरे या 1862 साली सुरू झालेल्या दुकानाला दिलं जातं, आणि त्यावर दुसऱ्यांचेही दावे आहेत.

या कलेला सगळ्यात मोठी उंची दिली आंतोनँ कॅरेमने. गरिबीमुळे बापाने लहानपणीच घराबाहेर काढलेलं हे पोर पॅरिसच्या एका पॅटिसरीत लागलं, फुरसतीत ग्रंथालयात बसून इमारतींची चित्रं पाहू लागलं आणि साखरेचे महाल, मंदिरं उभी करू लागलं. 1815 साली निघालेल्या त्याच्या पुस्तकाने ही कला शास्त्रासारखी मांडली.

आणि हे देणंघेणं थांबलेलं नाही. पियेर एर्मे या आजच्या नामांकित कारागिराचा सगळ्यात गाजलेला पदार्थ आहे 'इस्पाहान': गुलाबी मॅकरॉन, त्यात गुलाबाचं क्रीम, लिची आणि रासबेरी. हे नाव एका गुलाबाचं आहे आणि गुलाबाला ते इराणच्या इस्फहान शहरावरून मिळालं. बदाम आणि गुलाब हे बगदादी जोडपं पॅरिसमध्ये पुन्हा एकत्र आलं. फरक एवढा की, या वेळी कारागिराने त्याचं नाव उघड लिहिलं.

अलीबाबा आणि हलबचा माणूस

कपाटात आणखी एक पदार्थ असतो, 'बाबा'. फुगवलेल्या कणकेचा छोटा केक, पाकात भिजवलेला. पोलंडचं राज्य गमावून फ्रान्समध्ये लोरेनचा ड्यूक झालेल्या स्तानिस्लास राजाने 'अरेबियन नाइट्स'मधल्या अलीबाबावरून हे नाव ठेवलं, असं सांगतात. प्रत्यक्षात 'बाबा' हा पोलिश शब्द आहे. त्याचा अर्थ म्हातारी, आजीबाई आणि त्याच नावाचा केकही.

पण अलीबाबाची गोष्ट निघालीच आहे तर तीही पाहू. अंत्वान गालाँ याने 1704पासून 'अरेबियन नाइट्स'चं फ्रेंच भाषांतर छापलं आणि युरोप वेडा झाला. अलीबाबाची गोष्ट मात्र त्याच्याजवळच्या अरबी हस्तलिखितात नव्हती. ती त्याला 1709 साली पॅरिसमध्ये हन्ना दियाब नावाच्या एका ख्रिस्ती तरुणाने तोंडी सांगितली. अलाउद्दीनची गोष्टही त्याचीच. गालाँने खासगी रोजनिशीत त्याची नोंद केली, पण छापील पुस्तकात त्याचं नाव घातलं नाही. हा हन्ना दियाब हलबचा. ज्या शहराची क्रोसाँवरून थट्टा झाली, त्या शहराने जगाला दोन सर्वांत लाडक्या गोष्टी दिल्या आणि त्या सांगणाऱ्याचं नाव वाचकांना दीर्घकाळ ठाऊकच नव्हतं.

मुस्लीम वाचकांसाठी जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. बाबा बहुधा रममध्ये भिजवलेला असतो. थरांच्या मूस केकमध्ये आणि चकाकत्या लेपात जिलेटिन असू शकतं, ब्लॅक फॉरेस्टमध्ये चेरीची दारू. मॅकरॉनचं कवच बदाम, साखर आणि अंड्याचं असतं. सारणाबद्दल मात्र दुकानात विचारून घ्यावं. विचारण्यात संकोच नको.

साखरेची किंमत

या सगळ्या पदार्थांना जोडणारी वस्तू साखर. उसाच्या रसाचे खडे करण्याची विद्या भारताची. संस्कृत 'शर्करा' फारसीत 'शकर' झाली, अरबीत 'सुक्कर', इटालियनमध्ये 'झुक्केरो' आणि फ्रेंचमध्ये 'स्यूक्र'. आपल्या घरात ती प्राकृताच्या वाटेने 'साखर' झाली. 'खंड' इराणात जाऊन 'कंद' झाला आणि गुलाबाचा 'गुल' सोबत घेऊन 'गुलकंद' म्हणून परत आला. माहेरची लेक सासरचं नाव लावून यावी तसा.

शब्दांचा हा प्रवास गोड आहे, साखरेचा नाही. अठराव्या शतकात पॅरिसच्या मिठाया बहरल्या त्या कॅरिबियन बेटांवरच्या साखरेवर. सँ-दोमँग ही फ्रेंच वसाहत, म्हणजे आजचं हैती, 1780च्या दशकात युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी सुमारे 40 टक्के साखर पिकवत होती. तिथे जवळपास पाच लाख आफ्रिकी गुलाम राबत होते. पश्चिम आफ्रिकेतून पकडून नेलेल्या या लोकांत मुसलमानही होते. ऑगस्ट 1791मध्ये त्यांनी बंड केलं आणि 1 जानेवारी 1804 रोजी हैती स्वतंत्र झालं. 1825 साली फ्रान्सने त्या देशाला मान्यता दिली, ती 15 कोटी फ्रँकची भरपाई लादून. भरपाई कुणाला? तर गुलामांच्या मालकांना. रक्कम पुढे 9 कोटींवर आणली, तरी ते कर्ज फेडण्यात त्या देशाच्या पिढ्या पिचल्या.

कपाटातल्या पिवळसर क्रीममध्ये काळे बारीक दाणे दिसतात, ते व्हॅनिलाचे. ही मेक्सिकोची वेल दुसरीकडे फुलायची, पण तिला शेंग धरायची नाही. 1841 साली हिंदी महासागरातल्या बुर्बाँ, म्हणजे आजच्या रियुनियन बेटावर 12 वर्षांच्या एडमंड नावाच्या गुलाम मुलाने काडी आणि अंगठा वापरून फुलाचं परागीकरण करण्याची युक्ती शोधली. आजही व्हॅनिलाच्या बागांत तीच वापरतात. एका फ्रेंच वनस्पतीतज्ज्ञाने ती आपण शिकवल्याचा दावा केला. एडमंडच्या मालकाने मात्र श्रेय एडमंडचंच असल्याचं लिहून ठेवलं, म्हणून ते वाचलं. 1848 साली गुलामगिरी संपल्यावर एडमंडला 'अल्बियस' हे आडनाव मिळालं. दौलत मिळाली नाही. 1880 साली तो गरिबीत मेला.

हे वाचून फक्त फ्रान्सकडे बोट दाखवायचं असेल तर तेही अपुरं ठरेल. अब्बासी बगदादच्या वैभवाखालीही गुलामी होती. बसऱ्याजवळच्या खारट जमिनी साफ करायला जुंपलेल्या आफ्रिकी गुलामांनी, झंज लोकांनी, 869 ते 883 अशी 14 वर्षं खिलाफतीशी लढा दिला. खलिफांच्या दस्तरखानाचा अभिमान बाळगणाऱ्याने झंजांचा उठावही तितक्याच मोकळेपणी सांगावा.

आणि आपला आजचा महाराष्ट्र? दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो मजूर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो. माणसांची गिनती हत्याराने होते. 2019 साली या भागातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया चर्चेत आल्या आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ईदचा शीरखुर्मा असो की दिवाळीची करंजी, त्यातल्या साखरेवर या कोयत्याचंही नाव आहे.

नाव कुणाचं लिहायचं?

मॅकरॉन कुणाचा, या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर नाही. भारतातल्या साखर करणाऱ्यांचा, इराण-बगदादच्या आचाऱ्यांचा, सिसिलीच्या मठांतल्या बायकांचा, नान्सीच्या दोन बेघर भगिनींचा, पॅरिसच्या कारागिरांचा आणि हैतीतल्या ज्यांची नावं कुणी लिहिली नाहीत त्यांचाही. हे सगळं लक्षात घेतलं तर तो पूर्णपणे 'त्यांचा' राहत नाही आणि 'आपला'ही होत नाही. आपल्या मोहल्ल्यातल्या नानखटाईचंही तेच: नावात फारसी 'नान', खाणारे मराठी.

यापुढे कुणी एखाद्या पदार्थाचा, इमारतीचा किंवा लढाईचा इतिहास दोन ओळींत पाठवला, तर रागावण्याआधी किंवा खूश होण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. पहिला: याची सर्वांत जुनी लेखी नोंद कधीची? दुसरा: ज्याने हे काम केलं, त्याचं नाव या गोष्टीत आहे का? पहिल्या प्रश्नाने बहुतेक द्वेष गळून पडतो. दुसऱ्याने आपला पोकळ अभिमान. उरतो तो इतिहास, आणि तो सगळ्यांनी एका ताटात खाण्यासारखा असतो.